तारोडीच्या होडीचा रंग

तारीख: गेल्या डिसेंबरातला दुसरा रविवार. रक्कम: एक हजार रुपये, दोघा भावांचे प्रत्येकी पाचशे. हजर माणसं चार: तारोडीला राहणारा माझा ऑफिसातला मित्र, त्याचा थोरला भाऊ, त्यांची आई आणि मी. पैज होती त्यांच्या वडिलांच्या होडीचा रंग कोणता, यावर. मित्र म्हणत होता निळा, थोरला म्हणत होता हिरवा. पैसे माझ्या खिशात ठेवले, कारण माझ्या हिशेबावर दोघांचा विश्वास होता. एकमेकांवर त्या दिवशी नव्हता.

मी भाईंदर पूर्वेला राहतो आणि फावल्या वेळात लाकडी जहाजांच्या प्रतिकृती करतो. घराच्या गॅलरीत सात जहाजं आहेत. ‘नळाला पाणी तासभर आणि घरात आरमार,’ असं बायको आल्यागेल्याला सांगते. हे ऐकूनच मित्राने एक दुरुस्तीचं काम माझ्याकडे आणलं होतं.

त्याच्या वडिलांनी स्वतःच्या मासेमारीच्या होडीची हातभर लांब प्रतिकृती केली होती. होडी पुढे मोडीत निघाली, काही वर्षांनी वडील गेले. राहिली ती प्रतिकृती. जानेवारीत मित्राच्या मुलीचं लग्न होतं आणि मावशींचा, म्हणजे त्याच्या आईचा, एकच हट्ट होता. हॉलमध्ये नवरा-नवरीच्या बाजूला ती होडी ठेवायची. “म्हंजे पोरीचा आजा लग्नाला आला,” त्या म्हणाल्या. “पन होडी व्हती तशी पायजे. भलतीच न्हाय.”

माझ्याकडे आली तेव्हा तिची डोलकाठी मोडलेली होती, सुकाणू गायब होतं आणि रंगाचा ठिपकाही उरला नव्हता. मला मदत व्हावी म्हणून थोरल्याने ती आधीच पॉलिश पेपरने लख्ख घासून ठेवली होती.

होडीचं एकच छायाचित्र होतं, तेही कृष्णधवल. त्यात वडील डोलकाठीला टेकून उभे होते. ते मित्राएवढेच उंच होते असं सगळ्यांचं एकमत झालं, म्हणून मी मित्राला भिंतीला उभं करून टेप लावली. साडेपाच फूट. त्या प्रमाणात डोलकाठीचं माप काढलं, डोलकाठीवरून सुकाणूचं.

“लग्न पोरीचं नि माप बापाचं!” मावशी हसल्या.

माप जमलं, रंग जमेना. पुराव्याशिवाय ब्रश उचलायचा नाही, हा माझा नियम. दर रविवारी मी भाईंदर पश्चिमेहून बस पकडून तारोडीला जायचो. गावातल्या जुन्या नाखव्यांना विचारलं. एक म्हणाला निळी, एक म्हणाला हिरवी, आणि तिसऱ्याने मीठ खाडीतल्या कुणा भलत्याच होडीची गोष्ट तासभर सांगितली. खुद्द मावशी पहिल्यापासून म्हणत होत्या, लाल.

“आये, तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू हाय,” थोरला म्हणायचा.

“आत्ता हाय. तवा व्हता काय?”

“दादूस, फोटो बघ, निळीच आहे,” मित्र म्हणायचा.

“शाळेच्या फोटोत तर तूपण काळा दिसतोस. म्हनजे खरा तू गोरा?”

लग्नाला दोन आठवडे उरले तरी होडी बिनरंगाचीच. त्या रविवारी आम्ही नेहमीसारखे अंगणातल्या बाकावर बसून भांडत होतो. बाक डगमगत होता. खाली काय आहे म्हणून वाकलो, तर पाय ठीक होते. बसायची फळीच एका अंगाला वळलेली होती. बाकासाठी वळलेली फळी कोण घेतं? कडेला खिळ्यांची बुजवलेली भोकं होती, सगळी सारख्या अंतरावर.

“मावशी, ही फळी कुठली?”

“होडीची. मोडली तवा एक ठेवली मी. कवापासून बसलाय तिच्यावर.”

पिशवीतला पॉलिश पेपर काढला आणि एका जागी गोल गोल घासायला लागलो. बाकाला दिलेला वरचा तपकिरी थर गेला आणि खाली निळा दिसला. मित्र ओरडला. मी हात थांबवला नाही. निळ्याखाली हिरवा लागला आणि थोरला बाकावर चढून नाचला. हिरव्याखाली लाल होता. त्याच्याखाली नुसतं लाकूड. रुपयाएवढ्या जागेत एकात एक कडी, झाड कापल्यावर दिसतात तशी.

थोरला बाकावरून खाली उतरला. मग हळूच म्हणाला, “पावसाळ्यात होडी वर ओढली की बाबा रंग लावायचे. दरवेळी तोच डबा कुठून मिळणार?” थोरला पहिल्यांदा समुद्रात गेला तेव्हा होडी हिरवी होती. धाकटा गेला तोवर निळी झाली होती. कुणीच खोटं बोलत नव्हतं.

माझी मात्र पंचाईत झाली. इतके दिवस पुरावा नव्हता, आता तीन होते. “मावशी, तिन्ही खरे आहेत. तुम्हीच सांगा, कोणता लावू?”

त्या बाकाशी वाकल्या. डोळे बारीक करून लाल कड्यावर बोट फिरवलं.

“लाल. ही लाल व्हती तवा मी नवी नवरी व्हते. तवा त्येंनी मना पहिल्यांदा बसवली हिच्यात. पोर आता नवरी हाय, मग लालच पायजे.”

थोरल्याने माझ्या हातातला पॉलिश पेपर काढून पिशवीत टाकला.

लग्नात होडी फुलांच्या मधोमध उभी होती. लोक केकआधी तिचे फोटो काढत होते. नवरी मंचावरून उतरली, तिने होडीच्या टोकाला हात लावला आणि आजीला म्हणाली, “आजा मस्त दिसतोय गं.” मावशी इतक्या हसल्या की चष्मा पुसावा लागला.

जेवणं झाल्यावर दोघे भाऊ माझ्यासमोर उभे राहिले. दोघांचंही म्हणणं एकच, “मी जिंकलो.” मी हिशेब वाचून दाखवला. जमा एक हजार. लाल ऑइल पेंटचा छोटा डबा आणि एक ब्रश, खर्च एकशे चाळीस. उरलेले आठशे साठ रुपये मावशींच्या हातात दिले. त्यांनी ते दोनदा मोजले आणि कमरेला खोचले.