पूल अजून बंद हाय

मोबाईलवरच्या नकाशाने आम्हाला एकदा थेट विहिरीच्या काठावर नेऊन उभं केलं होतं. नवरा गाडी चालवत होता, मी रस्ता सांगत होते, त्यामुळे शिव्या मलाच बसल्या. नकाशातली बाई गोड आवाजात सरळ जा म्हणत होती आणि समोर उघडी विहीर. साताऱ्याला घरी आल्यावर रागाच्या भरात मी शोधून काढलं, की हा नकाशा काढतं तरी कोण. तर कळलं, पगारी असं कुणीच नाही. तुमच्या-माझ्यासारखी माणसंच फावल्या वेळात फुकट बसून तो दुरुस्त करतात. म्हटलं, मग मी का नको? दिवसभर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी नट-बोल्टांच्या खणांना चिठ्ठ्या लावतच होते. संध्याकाळी रस्त्यांना नावं लावायला लागले.

नव्या माणसाला तिथे फारसं काही करू देत नाहीत. चुकलेलं नाव सुधारा, सुटलेली गल्ली काढा, एवढंच. काम चोख दिसलं की एकेक अधिकार मिळतो. होता होता सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतले रस्ते बंद करायचा आणि गावांच्या हद्दी आखायचा अधिकार माझ्याकडे आला. नवरा चेष्टेने मला कलेक्टरीणबाई म्हणू लागला. कुठे जत्रा, कुठे पुलाचं काम, कुठे उसाचा ट्रॅक्टर उलटलेला. मी साताऱ्यात बसून तांबडी रेघ ओढायची आणि तिकडे गाड्या दुसऱ्या वाटेने वळायच्या. याची एक नशा असते, खोटं कशाला बोलू.

पण साताऱ्यात बसून वाळवा तालुक्यातल्या पुलावर किती पाणी आहे हे कसं कळणार? त्यासाठी माझा हुकमी माणूस होता. माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. फौजेतून हवालदार होऊन परत आले आणि इस्लामपूरच्या पुढे, आमच्या गावाबाहेरच्या मळ्यात राहिले. आई गेल्यावर तिथे ते एकटेच होते. मी एकुलती एक, तीही साताऱ्यात दिलेली.

आबांचा रिपोर्ट म्हणजे रिपोर्ट. नदीला पूर आला की आमच्या ओढ्याचं पाणी मागे दाटतं, त्याला आम्ही फूग म्हणतो. मी फोन केला की पलीकडून लष्करी आवाज यायचा. "फूग चढलीया. पुलावर मांडीभर पानी. ट्रॅक्टर जातोय, मोटारसायकल न्हाई. काट्या टाकल्यात." काट्या टाकल्या म्हणजे कुणीतरी बाभळीची फांदी ओढून रस्त्यात आडवी टाकली. आमच्याकडे रस्ता बंद झाल्याची पाटी तीच.

एकदा मी बंदची मुदत न घालताच रेघ ओढली आणि फुशारकीने त्यांना सांगितलं. तर माझ्यावरच उखडले. "बंद म्हंजी कवापातूर? त्ये बी लिव्ह की. शेवट न्हाई असला हुकूम कोन देतं?" तेव्हापासून मी दोन दिवसांची मुदत घालायची आणि त्यांना विचारून वाढवायची. आम्हा नकाशेकऱ्यांत प्रत्येक बदलासोबत माहिती कुठून मिळाली तेही लिहावं लागतं. मी त्या रकान्यात लिहायचे, 'आबा'. बाकीच्यांना बरेच दिवस वाटत होतं की आबा हे सरकारी खातं असावं.

हायवेकडून गावात यायला दोन वाटा होत्या. एक सरळ, ओढ्यावरच्या फरशी पुलावरून. दुसरी जुनी, वळसा घालून आमच्या मळ्याच्या दारावरून जाणारी. माझ्या लहानपणी ती जुनीच काय ती वाट होती. बैलगाड्या, सायकली, माधवनगरच्या गिरणीतून सुट्टीला घरी येणारे लोक, सगळे आमच्या दारावरून जायचे. आईने दारात पाण्याचा रांजण ठेवलेला असायचा. आलेला माणूस तांब्याभर पाणी प्यायचा आणि बदल्यात बातमी देऊन जायचा. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं लग्न मोडलं, हे गावाआधी आमच्या मळ्यात कळायचं. पूल झाला आणि त्या वाटेला कुत्रं विचारेना. रांजण पालथा पडला. मी तेव्हा सासरी होते. मला त्याचं काही वाटलं नाही, हे आता लिहिताना वाईट वाटतं.

मग ते पुराचं वर्ष आलं. पूल पाण्याखाली गेला, मी तो बंद केला आणि नकाशा सगळ्या गाड्या आबांच्या दारावरून पाठवू लागला. पाऊस उघडला. माझं रोज एकच विचारणं, "आबा, पूल कसाय?" आणि त्यांचं उत्तर, "अजून बंद हाय." बास, एवढंच. गुडघाभर की मांडीभर, ट्रॅक्टर की मोटारसायकल, काही नाही. जन्मभर मापात बोललेला माणूस दोन-तीन शब्दांवर आला होता आणि माझ्या ते ध्यानात आलं नाही. मी आपली मुदत वाढवत राहिले.

मधेच एकदा त्यांचाच फोन आला, भलताच तापलेला.

"आपला मळा नकाशात शेजारच्या गावात घातलायस म्हनं?"

मी बघितलं तर खरंच. कुणीतरी ओढा हीच हद्द धरून रेघ मारलेली. पण ओढ्याने पात्र बदलून जमाना झाला. खरी शीव त्याच्या पलीकडे आहे, करंजाच्या झाडाखाली दगड आहे तिथे.

"मी न्हवं काढली ती रेघ, आबा."

"कुनी का काढंना! सतरा वर्सं फौजेत काढून माघारी आलो, त्ये दुसऱ्याच्या गावात मरायला व्हय?"

मला हसू आलं. करते दुरुस्त, म्हटलं. पण ज्यांच्याकडे साधा बटणाचा फोन, त्यांना नकाशात काय दिसतं हे सांगितलं कुणी, एवढं विचारायचं मला सुचलं नाही.

चारच दिवसांनी आमच्यातल्या एका जुन्या नकाशेकऱ्याचा निरोप आला. माधवनगरला त्यांचं कापडाचं दुकान आहे. आम्ही कधी भेटलो नव्हतो, पण कामात पक्का माणूस. 'ताई, तुमचा तो पूल ठणठणीत कोरडा आहे. मी आत्ताच त्यावरून आलो. बंद का ठेवलाय?' मी फणकारले. लिहिलं, 'माझा माणूस तिथे राहतो. फौजी आहे. तुम्ही दुसरा कुठला तरी पूल बघितला असेल.' त्यावर त्यांनी फोटो पाठवला. आमचाच पूल. कोरडा, आणि मधोमध चार शेळ्या रवंथ करत बसलेल्या. तोंडात मारल्यासारखं झालं मला. तसाच आबांना फोन लावला.

"आबा, पुलावर शेळ्या बसल्यात."

"बसल्यात व्हय?"

"कवापास्नं कोरडा हाय?"

"झालं आठ-धा दिस."

"आन तुमी मला रोज बंद हाय म्हनून सांगताय? आवं, फौजेत असता तर केलं असतं का असं?"

माझा आवाज चढला होता. लोकांना उगाच वळसा पडला, चारचौघांत माझी अब्रू गेली, तोंडाला येईल ते बोलले. ते सगळं ऐकून घेत होते. मी दमल्यावर म्हणाले, "दारावरनं मानसं जात हुती गं."

ते पुढे सांगत राहिले.

"रोजच्या धा-बारा गाड्या. थांबून इचारायची, आजोबा, गाव किती लांब हाय? मग मी रांजन धुऊन भरला. परवा एक सांगलीची बाई चा बी पिऊन गेली. साखर लय झाली म्हनाली. तुझी आई बी असंच म्हनायची."

शेवटी तेच म्हणाले, "उघड तू पूल. रिपोर्ट खोटा हुता माझा. नकाशा खोटा असला तर मानूस जातंय जिवानिशी, ठावं हाय मला." आणि फोन ठेवला.

मी पूल उघडला. एक बटण दाबायचं असतं, दुसरं काही नाही. पण ते दाबताना मला पुरतं कळत होतं, की माझ्या बापाच्या दारावरची माणसं मी दुसरीकडे वळवतेय. दाबलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. नवऱ्याला वाटलं, माझा अधिकार काढून घेतला.

त्याच रविवारी मी मळ्यात गेले, जुन्या वाटेने. आबा दारातच खुर्ची टाकून बसलेले. माझी गाडी बघून आधी घाईने उठले, मग मी आहे म्हणून कळल्यावर हसले. "चल, शीव दावतो तुला," म्हणाले आणि काठी घेऊन निघाले.

ती दुपार माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दुपारींपैकी आहे. उसाच्या कडेकडेने, बांधावरून, आबा पुढे आणि मोबाईल धरून मी मागे. प्रत्येक दगडाशी थांबायचे, काठीने गवत बाजूला सारायचे आणि दगड दाखवायचे. इथे मला लहानपणी विंचू चावला होता. तिथे त्यांचं आणि चुलत्यांचं भांडण होऊन वर्षभर अबोला होता. आठ दगड निघाले. दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे जाऊन मी गावचा नकाशा पाहिला, कारण सांगोवांगीवर हद्द आखायची नाही असा आमचा नियम. सात दगड बरोबर जुळले, एक काही हातांनी चुकला. मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, "कागद चुकलाय."

करंजाखालच्या शेवटच्या दगडाची तर मला पुरेपूर ओळख होती. सासरी निघाले की आबा मला तिथपर्यंत घालवायला यायचे. लग्नाच्या वर्षीही आणि गुडघे दुखायला लागल्यावरही. दगडापाशी थांबायचे, पुढे एक पाऊल टाकायचे नाहीत. शिवेपल्याड बाप घालवायला आला तर लेक माघारी येत नाही, असं त्यांचं म्हणणं. कुठून काढलं होतं कोण जाणे, दुसऱ्या कुणाकडून मी हे ऐकलेलं नाही. मी हद्द आखली आणि पुढच्या खेपेला त्यांना मोबाईलवर दाखवलं. गाडी दगड ओलांडून आत आली की पडद्यावर आमच्या गावाचं नाव उमटतं. त्यांनी मला गाडी तीनदा मागेपुढे घ्यायला लावली. मग म्हणाले, "आता मरायला हरकत न्हाई."

त्यानंतर दोन वर्षं मी दर पंधरवड्याला जात राहिले. मग आबा गेले. त्यांच्याच गावात गेले.

आणि आत्ता, या उन्हाळ्यात, जुन्या वाटेबद्दल कुणा वाटसरूची तक्रार नकाशावर आली. वाटेवरची मोरी खचलीय, गाडी अडकते, हा रस्ता काढून टाका. माधवनगरच्या गृहस्थांनी ती माझ्याकडे पाठवली आणि खाली लिहिलं, 'ताई, एकदा आबांना विचारून घ्या.' आबा गेल्याचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. 'बघते' एवढंच लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः निघाले.

मोरी खरंच खचली होती. माझी गाडी कशीबशी निघाली. घराला कुलूप, रांजण पालथा. जमीन शेजाऱ्यांना वाट्याने दिलीय, त्यामुळे ऊस तेवढा जोरात होता. मी पायरीवर बसले. किती वेळ बसले असेन कोण जाणे, तेवढ्यात गावाच्या बाजूने एक गाडी हळूहळू आली. नकाशा बघत आलेला एकटाच माणूस.

"मावशी, हा रस्ता पुढे जातो का?"

"जातो. पण मोरी खचलीय, सांभाळून घ्या."

तो निघणार, तर मीच विचारलं, कुठले तुम्ही? पलूसचा, म्हणाला. पाणी हवंय का? मुलं किती? तिकडे पाऊस आहे का? बिचारा एक पाय गाडीत आणि एक बाहेर ठेवून उत्तरं देत होता. आणि मग माझ्या तोंडून गेलं, "थांबा की, चहा टाकते." घरात ना गॅस, ना दूध, ना साखरेचा दाणा. कुलूप लावलेल्या घराच्या पायरीवर बसून मी परक्या माणसाला चहाला थांबवत होते. तो घड्याळ बघून म्हणाला, "नको मावशी, उशीर होतोय," आणि धुरळा उडवत निघून गेला. धुरळा बसेपर्यंत मी त्या दिशेला बघत राहिले.

परत निघाले. करंजाखालच्या दगडापाशी आपोआप पाय ब्रेकवर गेला. आरशात बघितलं आणि निघाले.

त्या संध्याकाळी मी आमच्या दारावरचा रस्ता बंद केला. नकाशा खोटा ठेवता येत नाही. कायमचा बंद असला की मुदतीचा रकाना येतच नाही. माहिती कुठून मिळाली, हे मात्र विचारलं जातं. सवयीने बोटांनी 'आबा' लिहिलं. मी ते खोडलं आणि लिहिलं, 'स्वतः जाऊन पाहिलं. तिथे आता विचारायला कुणी नाही.'