तोंडातली लोकर

धनगराचा कुत्रा मी मारला नाही. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे, की आता ते वाक्य मनात आलं तरी माझा मलाच राग येतो. मारला नाही हे खरं आहे. पण मारू दिला, आणि सगळं ठाऊक असून मारू दिला.

त्या वर्षांत सातासमुद्रापलीकडं कुठंतरी लढाई चालली होती, तिच्यापायी कापसाचा भाव आभाळाला भिडला होता आणि आमच्या अंजनगावच्या बाजूची भली भली माणसं कापसानं वेडी झाली होती. मी त्यांत पहिला. ज्वारीचं वावर मोडून कापूस लावला, तुरीच्या ओळी काढून कापूस लावला. बायको म्हणाली, आता चुलीवर काय सरकी रांधू? मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वेचलेला कापूस वावरातच मांडवाखाली ढीग करून ठेवायचो आणि त्याच्या राखणीला मी एक तांबडा कुत्रा आणला होता. माणूस दिसलं की अंगावर जायचा. लोक माझा बांध टाळून लांबच्या फेऱ्यानं जात आणि मला त्याचीच फुशारकी वाटायची. माणसाला मिजास चढायला फार काही लागत नाही, एक चावरा कुत्रा पुरतो.

लागोपाठ कापूस घेऊन जमीन थकली. म्हणून माघात मी पातूरच्या डोंगराकडून येणाऱ्या एका धनगराला वावरात मेंढरं बसवायला बोलावलं. आमच्याकडची ही जुनीच रीत. मेंढरं रात्री वावरात बसतात, त्यांच्या लेंड्यांचं खत जमिनीला मिळतं आणि धनगराला दाणे मिळतात. हा धनगर वयानं माझ्याहून बराच मोठा, म्हणून मी त्याला मामा म्हणायचो. तो मला पाटील म्हणायचा. मी काही पाटील नव्हतो, पण कापसानं त्या काळात ज्याला त्याला पाटील केलं होतं आणि मीही कधी त्याला टोकलं नाही.

आल्या आल्या त्यानं आधी माझा कुत्रा पाहिला.

"पाटील, याले बांधून ठेवा लागते. अकरा मेंढ्या भरल्या पोटाच्या हायेत."

"तो मेंढ्यायले नाई चावत, मामा. माणसाले चावते."

"चावाच लागत नाई. भेऊन पयाली तरी मेंढी गाभ टाकते. आवंदा रोगानं मेंढरायचं अर्धं खांड गेलं माह्यं. आता या अकरा जणींच्या पोटात जे हाये, तेच."

मी शब्द दिला. त्याच्यादेखत तांबड्याला बाभळीच्या बुंध्याशी जाड दाव्यानं बांधलं. धनगरानं आणि त्याच्या बायकोनं काटे तोडून त्या अकरा मेंढ्यांसाठी वेगळं कुंपण केलं आणि त्याच्या तोंडाशी त्यांचा काळा कुत्रा बसला. केसाळ, थोराड, भुंकायचा आळस असलेला. एखादी मेंढी बाहेर निघाली तर तो नुसता उठून तिच्या पुढ्यात उभा राहायचा आणि मेंढी आपली परत फिरायची. मला हसू यायचं. हा कसला राखणदार, असं वाटायचं.

चौथ्या दिवशी सकाळी गावातून निरोप आला की अमरावतीच्या अडत्याचा माणूस कापूस बघायला आला आहे, लगेच या. धनगर नवरा-बायको बाकीचं खांड घेऊन नाल्यावर पाण्याला गेले होते. माझ्या विहिरीशी दोन अनोळखी माणसं सावलीत टेकली होती. माझ्या डोक्यात एकच आलं, ढीग उघडा, मी गावात, आणि ही दोघं इथं. आज वाटतं, बिचारे वाटसरू असतील, घोटभर पाणी पिऊन वाटेला लागले असते. तेव्हा मला जगातला प्रत्येक माणूस माझ्या कापसाकडं बघतोय असंच वाटायचं. मी दावं सोडलं. आत्ता जातो नि आत्ता येतो, असं स्वतःशीच म्हणालो आणि निघालो.

अर्ध्या वाटेवर भुंकणं ऐकू आलं. माणसावर भुंकतानाचा तांबड्याचा आवाज मला ओळखीचा होता, हा तसा नव्हता. त्यात खेळ होता. मी धोतर सावरत उलट पळालो.

येऊन पाहतो तर कुंपण एका बाजूनं आडवं झालेलं आणि त्या जड मेंढ्या कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाटीच्या खुंटांतून सैरावैरा पळत होत्या. तांबडा त्यांच्या मागं. धनगराचा काळा कधी तांबड्याच्या आडवा जात होता, कधी मेंढ्यांच्या. एक मेंढी थेट विहिरीकडं निघाली. माझ्या विहिरीला तेव्हा कठडा नव्हता. बांधू बांधू म्हणता म्हणता तोही पैका कापसात गेला होता. काळ्यानं झेप घेतली, तिच्या पुठ्ठ्यावरची लोकर तोंडात धरली आणि मागं ओढत राहिला. ती धडपडत मागं बसली. तिचे पुढचे पाय काठापासून हातभर लांब होते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दुसरं कुणीही पाहिलं नाही, कारण ती दोन माणसं केव्हाच पसार झाली होती.

मी तांबड्याला धरून बाभळीला बांधलं. काळ्यानं मेंढ्या गोळा करून आत घातल्या. मी काटे होते तसे लावले. रक्ताचा एक थेंब कुठं नव्हता. चला, काही झालं नाही, असं म्हणून मी घाम पुसतो तोच धनगर आला.

त्यानं धापा टाकणाऱ्या मेंढ्या पाहिल्या. एकीच्या पुठ्ठ्यावरची उपटलेली लोकर पाहिली. मग काळ्याचं तोंड उघडून पाहिलं. दातांत लोकर होती.

"पाटील, तुमचा कुत्रा सुटला होता का?"

"नाई. बांधलाच हाये. मी आताच गावातून येऊन राहिलो."

पुढचं सगळं या एका उत्तरावर उभं राहिलं. खोटं बोलायला मला विचारसुद्धा करावा लागला नाही. शब्द देऊन मोडला, ही लाज होती. अडत्याचा माणूस गावात आणि वावरातला तंटा चव्हाट्यावर, ही भीती होती. कारणं अशी पुष्कळ सांगता येतील आणि मी ती वर्षानुवर्षं सांगतच आलो आहे, पण त्यातलं एकही त्या माणसासमोर उभं राहील असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मेंढ्यांनी गाभ टाकला. त्याच दिवशी दुपारी आणखी तिघींनी. तिसऱ्या दिवसापर्यंत अकरांपैकी सात. त्या पिल्लांना लोकरसुद्धा नीट आली नव्हती. धनगराच्या बायकोनं बांधाच्या कडेला खड्डा करून ती पुरली, हात धुतले आणि हात जोडून मलाच म्हणाली, "आमच्या कुत्र्यापायी तुमच्या वावरात हे झालं, पाटील. मनात धरू नका."

मी म्हणालो, "असू द्या."

मग धनगर उठला. "तोंडाले एकदा लोकर लागली का तो कुत्रा खांडात ठेवता येत नाई," तो म्हणाला, "अन् दुसऱ्याच्या गळ्यातबी मारता येत नाई." तो हे माझ्याकडं बघत बोलला, मी काहीतरी म्हणावं अशी वाट बघत. त्यालाही ते मनातून पटत नसावं. मी म्हणालो, "तुमचं तुमाले मालूम, मामा." तो काळ्याला घेऊन नाल्याकडं गेला आणि एकटाच परत आला. त्या संध्याकाळी त्यांनी बिऱ्हाड हलवलं.

घरी मी बायकोलाही काही सांगितलं नाही. पुढच्या साली त्या वावरात कापूस असा आला की लोक बघायला यायचे. मला त्याच्याकडं बघवेना.

दोन वर्षांनी धनगर पुन्हा आला. तोवर ती लढाई संपून कापसाचा भावही उतरला होता आणि माझी मिजासही. त्याचं खांड निम्म्यावर आलं होतं. बायको बरोबर नव्हती. तिला माहेरी भावाकडं पोटापाण्यासाठी ठेवली होती. मला वाटलं, मेंढरं बसवायचं विचारायला आला. तो बाभळीखाली बसला, म्हाताऱ्या झालेल्या तांबड्याकडं कौतुकानं बघितलं आणि म्हणाला, "याचं एखांदं पिल्लू असन तं द्या, पाटील. बाजूले एवढ्या मेंढ्या पयाल्या, पण यानं दावं तोडलं नाई. मले असा कुत्रा पायजे."

पिल्लू देऊन टाकणं सोपं होतं. गावात तांबड्याची दोन होती. पण या माणसाच्या उरल्यासुरल्या मेंढ्यांवर त्याचीच अवलाद मी कशी घालणार होतो? मी सांगून टाकलं. दावं मी सोडलं, तांबड्यानं मेंढ्या पळवल्या, तुमच्या काळ्यानं एकीला विहिरीपासून ओढून काढली, ती लोकर तिथली.

मला वाटलं होतं, तो काठी उचलेल. उचलली असती तर मला बरं वाटलं असतं. सात पिल्लांचा, मोडलेल्या खांडाचा, बायकोचा एक शब्दही त्यानं काढला नाही. तो उठून विहिरीच्या काठापर्यंत जाऊन आला.

"काळ्याले नाल्याकडं नेताना दोर घेतला होता म्या," तो म्हणाला. "लागला नाई. नुसती हाक मारली तं मांगं मांगं आला."

मग तो घोंगडं खांद्यावर टाकून निघून गेला.