स्लॅबवरचं पाणी

आमचं घर बांधायचं ठरलं तेव्हा सासऱ्यांनी थेट पुण्याहून आर्किटेक्ट आणला. राहात्याकडच्या आमच्या भागात तोवर घर मिस्त्रीच्या डोक्यात असायचं. किती खोल्या हव्यात ते त्याला सांगायचं, तो काठीनं जमिनीवर रेघा मारायचा आणि काम सुरू व्हायचं. सासऱ्यांना तसलं घर नको होतं. कालव्याच्या पाण्यावर ऊस चांगला येत होता, गावातलं घर वाटणीत त्यांच्या भावाकडे गेलं होतं, आणि मळ्यातल्या पत्र्याच्या खोल्यांत उन्हाळ्यात भाकरी थापताना बाईनं चक्कर येऊन पडायचं तेवढं बाकी राहायचं. थोरल्या मुलाची बायको मी. तिसगावकडच्या कोरडवाहू गावातून या पाण्याच्या मुलखात नुकतीच आलेली.

आर्किटेक्ट तरुण होता. आल्याबरोबर त्यानं कागद काढला नाही. दुपारी कोण कुठं झोपतं, वारा कुठून येतो, पाऊस कुठल्या बाजूनं आत शिरतो, असं विचारत तो मळाभर हिंडला. जेवताना त्यानं मान वर केली आणि मलाच विचारलं, "वहिनी, तुम्हाला घरात काय हवंय?"

माझा वाढता हात थांबला. सासऱ्यांसमोर मी तोंड उघडत नसे.

"तिला काय इचारता?" सासूबाई म्हणाल्या. "ती काल आलीया."

"पण राहायचं जास्त त्यांनाच आहे ना," तो म्हणाला.

मी पदर सावरून कसंबसं म्हणाले, "चुलीपाशी वारा यावा." आणि आत पळाले. बाहेर सासरे मोठ्यानं हसले.

पण नकाशा आला त्यात स्वयंपाकघर अशा कोपऱ्यात होतं की दोन्ही बाजूंच्या जाळीतून वारा यावा. घराच्या मधोमध चौक होता. पश्चिमेला खोल ओसरी, म्हणजे उतरतं ऊन भिंतीला लागायला नको. भिंती काळ्या दगडाच्या, जाड, आणि वर गरम हवा निघून जायला झरोके. छतावर त्याला कौलं हवी होती.

"कौलं गोठ्याला बी असत्यात," सासरे म्हणाले. "मला स्लॅब पाह्यजे."

स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री खाली झोपणाऱ्याला भाजतो, हे त्यानं परोपरीनं सांगितलं. शेवटी दिवाणखान्यावर स्लॅब आणि बाकी घरावर कौलं असं ठरलं. जाताना त्यानं मिस्त्रीला बजावलं, स्लॅब ओतल्यावर सुकू द्यायचा नाही, वर मातीचे बांध घालून पाणी साठवून ठेवायचं, नाहीतर तडे जातील.

पाया भरला आणि पावसानं पाठ फिरवली. आधीचं वर्षही ओढगस्तीचंच गेलं होतं. पण आमच्याकडे विहीर होती, उशिरानं का होईना कालव्याचं पाणी सुटत होतं, त्यामुळे भिंती वर येत राहिल्या. माहेराहून कुणी आलं की वेगळंच ऐकायला मिळे. बैल विकले. ओढ्यात झिरा खणून वाटीनं पाणी भरतात. भाऊ रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जातो. मी ऐकायची आणि मागं चाललेली दगड घडवणाऱ्या टाकीची ठकठक त्यांच्या कानावर पडू नये असं मला वाटायचं. पण ती पडायचीच. जाताना माणूस भिंतीकडे बघून म्हणायचा, "चांगलं चाललंय की तुमचं." त्यात टोमणा नसायचा. टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

त्या हंगामात पूर्वेकडून ऊसतोडीच्या टोळ्या नेहमीपेक्षा फार आल्या. आमच्या मळ्याला लागून पडीक रानात त्यांच्या कोप्या, उसाच्या पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहिल्या. सुरुवातीला ते ओढ्याकाठच्या जुन्या विहिरीचं पाणी नेत. ती आटली तशा बायका हंडे घेऊन आमच्या विहिरीवर यायला लागल्या. नेमका त्याच आठवड्यात स्लॅब ओतला. सबंध दिवस बायामाणसांनी घमेली वर पोचवली, संध्याकाळी सासऱ्यांनी सगळ्यांना पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून विहिरीवरचं इंजिन स्लॅबसाठी चालू झालं. विहीर तळाला गेली होती. सकाळी थोडा वेळ पाणी ओढलं की इंजिन कोरडं भसभसायला लागे. सासऱ्यांनी राखणदाराला सांगून टाकलं, "स्लॅब पक्का हुईस्तवर भायेरच्या कुनाला पानी न्हाई."

एका दुपारी सासूबाई मला घेऊन स्लॅब बघायला निघाल्या. शिडीवरून आम्ही वर गेलो. मातीच्या बांधांनी केलेल्या वाफ्यांत पाणी उभं होतं. त्यात आभाळ दिसत होतं. सासूबाईंनी वाकून पाण्यात बोटं बुडवली आणि समाधानानं माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात खाली गलका झाला. चार-सहा बायका रिकामे हंडे घेऊन राखणदाराशी हुज्जत घालत होत्या.

एक जण वर बघून ओरडली, "बाईसाहेब, दोन हंडे भरू द्या! पोरं पान्याबिगर हायेत. तितं वर नुसतं उन्हात वाळतंय की ओ पानी!"

आवाज माझ्या ओळखीचा होता. पदर तिनं तोंडावर ओढला होता, तरी मला कळलं. ती माझ्या आईची धाकटी बहीण होती. मला न्हाऊमाखू घालणारी, माझ्या लग्नात हळदीची गाणी म्हणणारी मावशी. तिच्या घरी शेत होतं, दारात बैलजोडी होती. कोयता घेऊन बाहेर पडलेलं त्या घरात आजवर कुणी नव्हतं. हंगामाला ती आमच्याच बाजूला आली आहे हे माहेरच्यांनीही मला कळू दिलं नव्हतं.

मी शिडीवरून कशी उतरले मला आठवत नाही. सासूबाई मागून "अगं, सावकाश" म्हणत उतरत होत्या. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "मावशी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. चेहरा उन्हानं काळवंडलेला, हातांवर पाचटाचे ओरखडे. क्षणभर तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं, मग ते डोळे एकदम परके झाले.

"चुकलात जनू तुमी, बाईसाहेब," ती म्हणाली. "माझी कोन भाची न्हाई हितं."

"मावशी, मी आहे गं."

"न्हाई म्हनते ना!" तिचा आवाज चढला. "आमी कामाची मानसं. आमाला कुठून आल्यात बंगल्यातली सोयरी?"

राखणदार माझ्याकडे बघत होता, मिस्त्री आणि त्याचे गडी हातातलं काम टाकून बघत होते, आणि सासूबाई माझ्या खांद्यामागे उभ्या होत्या. मी वाकून तिच्या पायांना हात लावला. पाय फुटलेले होते, भेगांत माती. ती झटक्यानं मागं सरली, हंडा तसाच रिकामा काखेत घेतला आणि बांधावरून चालू लागली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. बाकीच्या बायका तिच्या मागून गेल्या.

घरी आल्यावर पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवून सासूबाईंनी विचारलं, "सख्खी?"

"आईची सख्खी बहीण."

"मग नको का म्हनाली?"

ती माझी अब्रू झाकत होती हे मला कळलं होतं. तिला वाटलं असणार, ऊस तोडणारीची भाची म्हणून सासरी मला कुणी खाली बघायला लावू नये. आणि मी चारचौघांत हाक मारून तिचंच तोंड उघडं पाडलं. सोबतच्या बायकांनाही तिनं सांगितलं नसणार, की ज्या विहिरीवरून आपल्याला हाकलतात ती तिच्या भाचीच्या घरची आहे.

संध्याकाळी सासऱ्यांच्या कानावर गेलं. ते रागावतील म्हणून मी आतच बसले होते. ते रागावले नाहीत. चप्पल घालून कोप्यांकडे गेले. तिथं काय झालं ते मला पुढं माझ्या नवऱ्यानं सांगितलं, तो त्यांच्याबरोबर गेला होता. मावशीचे यजमान कोपीसमोर कोयत्याला धार लावत बसले होते. लग्नात याच माणसानं सासऱ्यांच्या डोक्याला फेटा बांधला होता, त्यांच्या पंक्तीला बसून आग्रह केला होता. आता ते गडबडीनं उठले, बसायला द्यायला काही नव्हतं म्हणून स्वतःचं घोंगडं झटकून अंथरलं.

"पाव्हणं, आमास्नी सांगायचं तरी," सासरे म्हणाले.

"काय सांगनार?" ते म्हणाले. "सांगन्यासारकं हुतं का?"

सासरे घोंगड्यावर थोडा वेळ बसले आणि उठून आले. घरी आल्यावर राखणदाराला म्हणाले, "उद्यापास्नं इंजिन बंद. इहीर कोप्यांला उघडी."

मिस्त्री हातापाया पडला, म्हणाला, अजून थोडे दिवस तरी पाणी राहू द्या, आर्किटेक्टसाहेब मला विचारतील. सासऱ्यांनी ऐकलं नाही. वाफ्यांतलं पाणी उन्हानं आटलं. मिस्त्रीनं ओली गोणपाटं टाकून बघितली, तीही दुपारपर्यंत वाळून कडक व्हायची. स्लॅबला आडवा तडा गेला.

आर्किटेक्ट आला तेव्हा तडा बघून त्याचा चेहरा उतरला. "पाणी का बंद केलं?" त्यानं विचारलं. मिस्त्रीनं सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे म्हणाले, "कमी पडलं पानी." एवढंच. खरं सांगितलं असतं तर त्या तरुण माणसाला ते पटलं असतं असं मला अजून वाटतं, पण पाणी आधी कुणाला नाकारलं होतं तेही मग सांगावं लागलं असतं. त्यानं कागदावर काही आकृती काढून तडा भरायची रीत समजावली आणि न जेवता निघून गेला. पुढं पाहुणे छताकडे बघून म्हणत, पुण्याचा इंजिनेर काही कामाचा नव्हता, आणि आमच्या घरातलं कुणी त्यांना अडवत नसे. मीही चहाचे कप उचलून आत जात असे.

कोप्यांतल्या बायका हंगाम संपेपर्यंत आमच्या विहिरीवर आल्या. हसायच्या, बोलायच्या, पत्र्याच्या खोलीच्या दारातून डोकावून आत काय शिजतंय ते बघायच्या. मावशी आली नाही. तिचा हंडा दुसरीच कुणीतरी भरून न्यायची. मी त्या बाईबरोबर एकदा पिठलं-भाकरी पाठवली. फडकं धुऊन, घडी करून परत आलं, निरोप काही नाही. मी कोपीवर जावं असं रोज ठरवायची आणि रोज राहायचं. परत तिला चारचौघांत गाठायचं धाडस नव्हतं. एका सकाळी बैलगाड्या जुंपल्या गेल्या आणि रानात नुसतं पाचट राहिलं.

वास्तुशांतीला आई आली. मावशी कुठं म्हणून विचारलं तर म्हणाली, तिचं काम निघालं. पुढं माझ्या मुलीच्या बारशालाही तिचं काम निघालं.

ती आली तेव्हा बरीच वर्षं लोटली होती. डोळ्यांच्या दवाखान्यासाठी इकडे आली होती, मुलगा बरोबर होता. सासरे तेव्हा हयात नव्हते. तिला दिवाणखान्यात बसायला सांगितलं, ती ओसरीतच टेकली. मी शेजारी बसले. इकडचं तिकडचं झालं. मग मीच म्हणाले, "मावशी, त्या दिवशी मी तुला हाक मारली..."

"मारलीस खरी," ती म्हणाली.

"मला राहवलं नाही गं."

ती पदराच्या टोकानं डोळ्यातलं पाणी टिपत होती. ते दुखण्याचं होतं की आणखी कशाचं, मला सांगता येणार नाही.

"तू गप ऱ्हायली असतीस," ती म्हणाली, "तर पानी मिळो न मिळो, मी रोज आले असते इहिरीवर. लांबून का हुईना, तू दिसली असतीस मला. लई आठवन यायची तुजी तितं."

मी मान खाली घातली. तिनं माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि बांगड्या मागंपुढं करत बसली, लहानपणी करायची तशी. थोड्या वेळानं तिच्या मुलानं एसटीची वेळ झाल्याचं सांगितलं. मी म्हणाले, आज राहा. ती नको म्हणाली, डोळ्यात औषध घालायचं असतं, सून घरी एकटी असते. मी तिला फाट्यापर्यंत सोडायला गेले. एसटीत चढताना तिनं माझी ओळख करून दिली ती कंडक्टरला. "भाची हाय माझी," ती म्हणाली, "हितं दिलीया."