मिलिंदच्या आवाजाचं फोल्डर

त्या सकाळी मी मिलिंदला नेहमीसारखा मेसेज टाकला होता... लातूरच्या आमच्या ऑफिसात सर्व्हर अडला होता आणि मला कमांड आठवत नव्हती. बारा वाजले तरी उत्तर नाही. चिडून दुसरा टाकला, "झोपला का रे?" तासाभरानं नांदेडहून त्याच्या भावाचा फोन आला. "जयभीम. दादा गेले. पहाटं अटॅक आला."

मिलिंद नांदेडच्या एका तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर लॅब सांभाळायचा. माऊसला त्याचा हात क्वचितच लागे. काळा पडदा, पांढरी अक्षरं, बस्स. त्या पडद्यावर ‘मॅन’ लिहून पुढं कमांडचं नाव टाकलं की तिची सगळी माहिती तिथंच उघडते, इंटरनेट नसलं तरी. मिलिंद ती पानं ओळ न ओळ वाचायचा. आणि मी? मी त्याला फोन करायचो. वीस वर्षं! "अरे बाबा, मला काय विचारून राहिला? मॅन लाव की. समदं लिहेल हाय तिथं," असं खेकसायचा आणि मग सांगायचाच. इंग्रजीला बिचकणाऱ्या हदगाव-देगलूरकडच्या पोरांसाठी तो ती पानं आपल्या बोलीत समजावून रेकॉर्ड करत होता. शंभर पुरी झाल्याबिगर कुणाला देणार न्हाई म्हणायचा. मधेच खोकायचा, "सुनंदा, साखर कमी टाक" हेसुद्धा त्यात आलेलं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि सुनंदावहिनी, म्हणजे त्याची बायको, नवा पेन ड्राइव्ह घेऊन आल्या. "भाऊजी, त्यांचा आवाज त्या कॉम्प्युटरात तेवढा हाय बघा. मला काढून द्या."

मी मिलिंदच्या कॉम्प्युटरसमोर बसलो. ऑफिसच्या बॅकअपसाठी मिलिंदनंच सांगितलेली आरसिंकची कमांड मला तोंडपाठ होती. दोन्हीकडं अगदी सारखं करून देणारी. ‘कुठून’ आधी लिहायचं की ‘कुठं’ आधी, एवढंच आठवेना. मॅन लावायला दहा सेकंद लागले असते. पण वहिनी शेजारी उभ्या, पाहुणे बघताहेत, आणि मला अडाणी दिसायचं नव्हतं. पेन ड्राइव्ह आधी लिहिला, त्याच्या रेकॉर्डिंगचं फोल्डर नंतर, आणि एंटर मारलं. रिकाम्या पेन ड्राइव्हसारखंच फोल्डरही रिकामं झालं.

मग मॅन लावलं मी, मेल्यानं! आधी कुठून, मग कुठं. मूळ ठिकाणी जे नाही ते दुसरीकडून पुसलं जाईल. आणि काही न पुसता नुसती चाचणी करून बघायची सोयसुद्धा होती... सगळं लिहिलेलं होतं.

"झालं का, भाऊजी?"

"वेळ लागेल वहिनी, डिस्क लातूरला नेऊन करतो."

दोन दुरुस्तीवाल्यांनी डिस्क बघून हात वर केले. लॅबमध्येही शोधलं, काही सापडलं नाही. वहिनींचा दर रविवारी फोन येतो. "सावकाश करा, पर नीट निघू द्या," म्हणतात. गेले दोन रविवार मी तो उचललेला नाही.

तोंडानं सांगायची हिंमत होईना, म्हणून इथं लिहून राहिलो. वहिनी, पेपरची ही पुरवणी तुमच्या घरी येते हे मला ठाऊक आहे. डिस्कमध्ये काही उरलं नाही. त्याचा आवाज मीच पुसला. यानंतरही फोन करावासा वाटला तर करा... मी उचलीन.