पंच्याण्णव टक्क्यांवर अडकलेला बोर्ड

लग्नाचा व्हिडिओ एडिटिंगला लावला की माझ्या जुन्या प्रोसेसरचा पंखा असा घरघरायचा, की शेजारच्या अक्का गिरणी समजून ज्वारीचा डबा घेऊन यायच्या. गेममध्ये मी सोमवारी झाडलेल्या गोळीने शत्रू बुधवारी पडायचा. शेवटी जळगावची पाच दुकानं पालथी घालून दोन्ही कामं ओढेल आणि जुन्याच मदरबोर्डवर बसेल असा प्रोसेसर निवडला. दुकानदार म्हणाला, "भाऊ, आधी बोर्डाचं बायोस, म्हणजे त्याचा मूळ प्रोग्राम, अपडेट करा. मध्येच लाइट गेली तर बोर्ड मेला समजा."

आमच्या चोपड्यात लाइट! मी थेट वायरमन नानांकडे गेलो. "नाना, दहा मिनिटं लाइट घालवू नका."

"मी थोडी घालस भो? ती तिना मनथी जास!" म्हणजे लाइट तिच्या मर्जीची.

घरी येऊन, लोड नको म्हणून आईला फ्रिज बंद करायला लावला आणि अपडेट सुरू केलं. पंच्याण्णव टक्क्यांवर स्क्रीनवरची पट्टी थांबली आणि बल्ब लुकलुकला. बोर्ड गेला असता तर अर्धवट व्हिडिओंतल्या तीन नवऱ्या माझ्या संगणकात जन्मभर हळदीतच बसल्या असत्या. माझ्या घामात केळीचा मळा भिजला असता.

पट्टी सरकली. शंभर झाले.

आई आतून ओरडली, "आता तरी फ्रिज लावू का रे?"

"थांब," मी म्हणालो, "अजून प्रोसेसर बसवायचाय."

तो बसवायला लाइट लागत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं; पण धसका अजून उतरला नव्हता.