बिनवासाचा गॅस

बालाघाटच्या बर्फाच्या कारखान्यात डोमाजी मेश्राम मिस्त्री झाला तो आपल्या नाकामुळे, आणि मिस्त्री झाला तेव्हा त्याचं नाक कामातून गेलेलं होतं. बायको सोडली तर ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. एक तो स्वतः आणि दुसरा महागू.

बर्फ जमवायला तिथं अमोनियाचा गॅस लागायचा. हा गॅस मोठा खाष्ट. नळाच्या सांध्यातून कणभर सुटला तरी नाक धरायला लावायचा, आणि जास्त सुटला तर माणूस आडवाच. डोमाजी तेव्हा बर्फाच्या लाद्या वाहणारा साधा हमाल होता, पण वास त्याला सगळ्यांच्या आधी कळायचा. इतर जण गप्पा मारत बसलेले असायचे आणि हा उठून म्हणायचा, "सुटला!" एकदा मोठा नळ फाटला तेव्हा सगळे जीव घेऊन पळाले. डोमाजी ओलं फडकं तोंडाला बांधून आत शिरला, वॉल्व्ह बंद केला आणि नाकातोंडातून रक्त ओकत बाहेर आला. मालकानं त्याला मिस्त्री केलं. गावभर बोलबाला झाला. पुढं काही दिवसांनी चुलीवर भात करपून कोळसा झाला, बायको कमला अंगणातून ओरडत आली आणि डोमाजी चुलीपाशीच बसून होता. त्याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

गॅस फार वाढला की त्याचे डोळे झोंबायचे, घसा जळायचा. पण तोवर उशीर झालेला असायचा. मिस्त्रीला पहिला कण कळायला हवा. ज्याचं नाक गेलं त्या मिस्त्रीला कोण ठेवणार? पुन्हा खांद्यावर पोतं टाकून लाद्या वाहायच्या, एवढंच.

महागूच्या हे लक्षात आलं. महागू डोमाजीच्याच टोलीतला, म्हणजे वस्तीतला, वैनगंगेच्या अंगाला राहणारा, वयानं मोठा आणि अजूनही हमालच. दोघांनी छप्पन सालानंतर एकाच दिवशी दीक्षा घेतली होती. त्याआधी महागू मोहाची दारू अशी प्यायचा की सत्यभामा, त्याची बायको, त्याला शोधत नाल्यानाल्यानं फिरायची. दीक्षेत दारू सोडली ती सोडलीच. टोलीत कुणाला दारू सोडायला सांगायचं असलं की महागूचं नाव पुढं केलं जायचं.

"डोमा, तुले वास येत नाही नं?" एक दिवस त्यानं सरळच विचारलं.

डोमाजीनं आसपास कुणी आहे का ते पाहिलं.

"बोलू नोको. मले वास आला का मी कानाले हात लावत जाईन. तू समजून घे."

तेव्हापासून हा धंदा सुरू झाला. महागू लादी वाहता वाहता कान खाजवायचा आणि मिस्त्रीसाहेब गंधकाची पेटती काडी घेऊन वाघासारखे नळांकडं निघायचे. गॅस सुटला असेल तिथं काडीजवळ पांढरा धूर उठायचा, सांधा सापडायचा, लोक माना डोलवायचे. महागू कोपऱ्यात उभा राहून गालात हसायचा. अशी माणसं आता मिळत नाहीत, आणि तेव्हाही मिळत होती अशातला भाग नाही. डोमाजी मात्र रोज कामावर जाताना आधी महागूच्या दारात डोकावायचा. आज महागू आजारी पडला तर काय?

अशात एका उन्हाळ्यात हिरालालशेठचं बोलावणं आलं. शेठ उकव्याकडचा मँगनीजचा ठेकेदार. त्यानं कुठल्याशा संस्थानिकाची जुनी विलायती मोटार घेऊन ठेवली होती, बोटीसारखी लांब. तिच्यात गार हवेचं यंत्र होतं, पण गेली कित्येक वर्षं ते नुसतं घरघरायचं. आता मुलीचं लग्न ऐन नवतप्यात, उन्हाळ्यातल्या सगळ्यांत कडक नऊ दिवसांत, निघालं होतं आणि व्याह्यांना त्याच मोटारीतून आणायचा शेठचा हट्ट होता.

"मिस्त्री, बर्फ जमाते हो, तो गाड़ी क्या चीज़ है?" शेठ म्हणाला.

मोटारीत अमोनिया चालत नाही, तिचा गॅस वेगळा, एवढं डोमाजीला माहीत होतं. तो गोंदियामार्गे नागपूरला गेला, एका दुकानात बसून गॅस कसा भरतात ते पाहून घेतलं आणि भरलेली टाकी विकत घेतली. दुकानदारानं जाता जाता सांगितलं, "हा गॅस लय गरीब हाय. डोळे झोंबत नाही, खोकला येत नाही, वासबी नाही. फकस्त टाकी उन्हात ठेवजो नोको, फुटन."

वासबी नाही! डोमाजीला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. जगात असाही एक गॅस होता, ज्याच्यापुढं सगळ्यांचीच नाकं त्याच्यासारखी. हे काम हातात बसलं तर बर्फाचा कारखाना सोडता येईल, ते चोरून कानाकडं बघणं सुटेल. परतीच्या गाडीत तो इतका खुशीत होता की शेजारच्या अनोळखी माणसाला त्यानं आपली शिदोरी दिली.

शेठच्या बंगल्यामागं मोटारीचं खोपट होतं आणि जमिनीत माणूसभर खोल खड्डा. मोटार वर उभी करायची आणि खालून काम करायचं. यंत्राच्या नळ्या मोटारीच्या पोटाखालून मागच्या डिकीपर्यंत गेल्या होत्या. मदतीला आणलेल्या महागूनं खड्ड्यात उतरून प्रत्येक सांध्यावर रिठ्याचा फेस लावला. जिथं बुडबुडा फुगेल तिथं गळती. दोन सांधे गळत होते, ते डोमाजीनं आवळले. मग इंजिन चालू ठेवून टाकीची नळी जोडली आणि तो नळीवरच्या काचेच्या छोट्या झरोक्यात बघत बसला. आधी काचेतून फेसच फेस पळत होता. हळूहळू बुडबुडे विरळ झाले आणि काच स्वच्छ दिसायला लागली. मोटारीतून गार हवेचा झोत आला. शेठनं हात पुढं धरला आणि लहान पोरासारखा खिदळला.

"बैठो मिस्त्री! एक चक्कर मारते हैं."

महागूला कुणी बस म्हटलं नाही. त्याचे हात फेसानं आणि तेलानं बरबटलेले होते, आणि गादी पांढरी होती.

डोमाजीनं नळी काढली आणि टाकीचा वॉल्व्ह हातानंच फिरवून बंद केला. पाना शोधायला कोण जातो? आयुष्यभर त्यानं अमोनियाचे वॉल्व्ह असेच हाताळले होते. नीट बंद झाला नसला तर पाठ फिरवायच्या आत गॅस स्वतःच बोंब मारायचा.

"महागू, टाकी उन्हात नोको ठेवजो."

"खड्ड्यात ठेवतो. गार हाय तिथं. अन् मीबी पडतो जरासा, लय झळ लागून राह्यली."

शेठ मोटार वैनगंगेच्या पुलावरून पलीकडं घेऊन गेला. बाहेर माणसं डोक्याला दुपट्टे गुंडाळून चालली होती आणि आत डोमाजीच्या अंगावरचा घाम वाळत होता. जन्मभर त्यानं दुसऱ्यांच्या सरबतात पडणारा बर्फ वाहिला, जमवला. गारव्यात नुसतं बसून राहायची त्याची ही पहिलीच वेळ. शेठनं विचारलं, "और एक?" महागू वाट बघत असेल असं डोमाजीच्या मनात आलं. तरी तो म्हणाला, "चालते की."

परत आले तेव्हा महागू खड्ड्यात उताणा पडला होता. डोमाजीनं दोन हाका मारल्या, मग उडी टाकली. खाली पोचताच त्याचं डोकं गरगरलं, गुडघे वाकले, छातीत हवाच जाईना. त्यानं कसंबसं महागूला काखेत धरून वर रेटलं. शेठच्या ड्रायव्हरनं आणि माळ्यानं आधी महागूला ओढलं, मग त्याला. महागूचे ओठ निळे पडले होते. दवाखान्यात न्यायचं म्हणून नेलं, एवढंच.

टाकी काढायला डोमाजी श्वास कोंडून पुन्हा उतरला, तेव्हा त्याला तिथं एक न पेटलेली बिडी दिसली आणि आगपेटीच्या तीन-चार काड्या. काड्यांची नुसती टोकं काळी झाली होती. त्यानं आपल्याजवळची काडी ओढली. ती भुरकन पेटली आणि कुणी चिमटीत धरावी तशी विझली. तेव्हा त्याला कळलं. हातानं फिरवलेला वॉल्व्ह पुरता बसलाच नव्हता, आणि टाकीतला गॅस हवेपेक्षा जड, तो खड्ड्यात पाण्यासारखा साचला होता. महागूनं बिडी पेटवायला काडीमागून काडी ओढली, एकही टिकली नाही, आणि वास नाही म्हणून त्याला काही सुचलं नाही. पडल्या पडल्या त्याचे हातपाय गळत गेले असतील. डोमाजीनं त्या काड्या उचलून खिशात टाकल्या.

पोलिसांचा जमादार आला. "गैस की बू आई थी?"

"नाही साहेब. पन त्या गॅसले बूच नसते."

जमादार हसला. "बिना बू की गैस? और तुम्हारी नाक तो पूरा बालाघाट जानता है. गैस होती तो तुम्हें पता न चलता?"

शेठचा माळी म्हणाला, पिऊन पडला असेल, पूर्वी प्यायचाच की. शेठला ते सोयीचं होतं, लग्न तोंडावर होतं. टाकी त्यानं त्याच दिवशी भंगारात देऊन टाकली. जमादारानं लिहून घेतलं की माणूस दारू पिऊन उन्हात पडला आणि लू लागून मेला.

मग टोलीत कुजबुज सुरू झाली. दीक्षेची शपथ मोडली म्हणे. इतकी वर्षं चोरून पीत होता म्हणे. जी माणसं महागूचं नाव घेऊन आपल्या पोरांना शहाणपण शिकवायची, ती मातीला आली ती जणू मान खाली घालून. सत्यभामेशी बाया धड बोलेनात. मेलेल्याची अब्रू राखायला तो स्वतः येऊ शकत नाही, म्हणून लोकांना ती ओरबाडायला सोपी जाते. मला याचा फार संताप येतो.

सत्यभामा डोमाजीच्या दारात येऊन उभी राहिली. "भाऊजी, तुमी होते तिथं. पेले होते का ते?"

"नाही, वैनी. थेंबबी नाही. गॅसनं गेले."

"मंग सांगा नं सगळ्याईले."

त्यानं सांगितलं. ज्याला त्याला सांगितलं. लोक त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "दोस्तासाठी बोलून राह्यला, समजते आमाले. पन तुया नाकाले गॅस कळला नसता का?" आपण केलेली हीच ती कीर्ती, हे डोमाजी ऐकत राहायचा. तो मिस्त्री होता तोवर महागू दारुड्याच राहणार होता. आणि खरं सांगावं तर मिस्त्रीपण जाणार होतं.

कमलेला त्याच्या मनातलं कळलं. "आपल्याच पोटावर पाय देऊन राह्यले तुमी," ती म्हणाली. मग रडली. पण अडवलं नाही तिनं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे महागूच्या स्मरणविधीच्या दिवशी विहाराच्या छपराखाली टोली जमली. माणसं थोडीच आली होती. मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. डोमाजी उभा राहिला.

"मले वास येत नाही," तो म्हणाला. "नळ फाटला तवापासून नाही येत. महागूच वास घेऊन मले इशारा करे. कारखान्यात जे नाव झालं ते त्याचं हाय."

कुणाचा विश्वास बसेना. टोलीतला म्हातारा फकिरा उठला, त्यानं डोमाजीच्या डोळ्यांवर दुपट्टा बांधला आणि शेजारच्या घरातून सुकटीची मूठ आणून त्याच्या नाकाशी धरली. मागच्या बायांनी नाकाला पदर लावले.

"काय हाय सांग."

"मले काय म्हाईत? पानी असन."

फकिरानं दुपट्टा सोडला. त्याचा आवाज बदलला होता. "म्हंजे गॅस सुटला. वासबी सुटला. अन् तुले कळलाच नाही."

"त्या गॅसले वासच नसते" हे शब्द डोमाजीच्या जिभेवर आले होते. पण ते त्यानं गावभर सांगून पाहिलं होतं. त्या बोलण्यानं महागू पुन्हा दारुड्या होणार होता. समोर सत्यभामेनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान वर केली होती.

"हौ," डोमाजी म्हणाला. "माया चुकीनं गेला तो. पेला नव्हता."

मालकानं त्याला दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीपणावरून काढलं. हमाल म्हणून राहायचं असेल तर राहा म्हणाला. डोमाजी राहिला. महागूचं पोतं अजून खिळ्याला टांगलेलं होतं, तेच त्यानं खांद्यावर घेतलं. टोलीत आता महागूचं नाव पुन्हा पोरांना सांगतात. डोमाजी समोरून आला की बोलणं थांबतं. नकट्या गर्वापायी दोस्ताचा जीव घेतला, असं त्याच्या पाठीमागं म्हणतात, कधी तोंडावरही.

सत्यभामा त्याच्याशी बोलत नसे. एकदाच बोलली. पाणी घेऊन येताना वाटेत थांबली.

"भाऊजी, एक इचारू? तुमचं नाक गेलतं. पन त्याईचं तं साबूत होतं नं? त्याईले काहून नाही कळलं?"

डोमाजीचा हात खिशात गेला. काळ्या टोकांच्या त्या काड्या तिथं होत्या.

"त्याले झोप लागलती, वैनी," तो म्हणाला. "पडल्याबरोबर लागली."

"झोपेतच गेले नं?"

"हौ. झोपेतच."

तिनं घागर सावरली आणि ती घराकडं निघून गेली.