तीनदा अडणारी तबकडी

सलीमाआपांची आणि माझी ओळख एका नकारातून झाली. आमचे हे गेल्यानंतर यांच्या गाण्यांच्या छोट्या तबकड्यांची पेटी कपाटात पडून होती. एका बाजूला एक किंवा दोन गाणी मावतील एवढ्या, तळहाताहून थोड्या मोठ्या तबकड्या. वाजवायला मन होत नव्हते आणि भंगारात द्यायला हात उठत नव्हता. कुणीतरी सांगितले, इथे जळगावातच, पिंप्राळ्यात एक बाई अशा तबकड्या जमवतात. मी रिक्षात पेटी घालून त्यांच्या दारात उभी राहिले.

त्यांनी पेटी उघडली, एकेक तबकडी कडेने धरून उजेडात तिरकी केली आणि म्हणाल्या, "ताई, या मी घेणार नाही."

"का? खराब झाल्यात?"

"खराब कशाला? कुणीतरी जिवापाड जपल्यात. तुम्ही अजून ऐकल्याच नाहीत, तर देता कशाला? बसा. चहा टाकते. एक लावू या."

त्या दिवशी मी पेटी परत घेऊन आले. पण दर गुरुवारी दुपारी त्यांच्याकडे जायचे ठरून गेले. कधी त्यांची तबकडी, कधी आमची. मऊ मलमलीने पुसायची, सुई हळू टेकवायची, सुरुवातीची खरखर ऐकायची. आपा म्हणत, "भजी तळल्यासारखा आवाज आला की समजायचं, आता गाणं येतंय." मी कॉन्व्हेंट शाळेत शिकले याची त्यांना भारी गंमत वाटे. तबकडीवरची बारीक इंग्रजी अक्षरे वाचायची वेळ आली की हाक यायची, "चला, सिस्टरांची लाडकी, वाचा!"

आपांचे यजमान असलमभाई धुळ्यात लाउडस्पीकरवाले होते, तिथे त्यांचे छोटे दुकान होते. आजूबाजूच्या गावांतल्या लग्नांना भोंगा, मशीन आणि तबकड्या घेऊन जात. ते गेल्यावर आपा जळगावला मुलाकडे आल्या. मोठ्या तबकड्या, भोंगे, मशीन सगळे हळूहळू गेले. छोट्या तबकड्या मात्र त्यांनी सोडल्या नाहीत. जुन्या बाजारातून आणखी आणत, त्यासाठी पाचोऱ्यापर्यंत जात. त्यांना हवी असलेली एक तबकडी मात्र मिळत नव्हती. अहिराणीतले हळदीचे गाणे, देवीला मांडवात बोलावणारे. असलमभाई प्रत्येक लग्नात पहिले तेच लावत. मग कुठल्याशा लग्नात ती हरवली. ते शेवटपर्यंत हळहळत राहिले.

"त्यांचा फोटो आहे माझ्याकडे," आपा एकदा म्हणाल्या, "पण फोटो बोलत नाही. त्या तबकडीत ते आहेत."

"गायलेत ते?"

"छे! गाढवासारखा आवाज होता. कसे आहेत ते मिळाली की सांगते."

गेल्या मार्गशीर्षात आमच्या शेजारच्या मुलीची हळद होती. मी आपांना सोबत नेले. मुलीची मामी रत्नाबाई, यांचे माहेर धुळ्याजवळचे सोनगीर. त्यांनी जात्यापाशी बसून गाणे धरले:

"ये वं माय मांडोमा, ये वं माय, ये वं माय, ये वं माय, हयद लागनी नवरीले..."

मला ते फार आवडले. तीनदा बोलावणे म्हणजे काही जुना विधी असणार, असे मनाशी म्हणत मी आपांकडे वळले. त्यांच्या हातातली बशी तिरकी होऊन चिवडा मांडीवर सांडत होता.

"ताई," त्या कुजबुजल्या, "गाण्यात ते एकदाच आहे."

"मग?"

"आमची तबकडी तिथे अडायची. ओरखडा होता. हे पंगतीत जेवत असायचे. दुसऱ्यांदा ऐकू आलं की पानावरून उठायचे, तिसऱ्यांदा उष्ट्या हाताची करंगळी लावून सुई पुढे ढकलायचे. ही बाई आमची तबकडी गातेय!"

गाणे संपताच आपांनी रत्नाबाईंना गाठले. हे कुठे शिकलात?

"मना लगीनमा वाजेल व्हतं," रत्नाबाई म्हणाल्या. "ती तबकडी आजून शे ना आमना आबाकडे. लगीनमा वावटळ उनी, मांडो उडना, पसाऱ्यामा ती राही गयी."

त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघी एसटीने धुळ्याला आणि तिथून सोनगीरला गेलो. माझ्या मांडीवर आमच्या यांचा बॅटरीवर चालणारा, पेटीएवढा प्लेअर होता. वाटेत आपा एकदाच म्हणाल्या, "ओरखडा राहिला असेल ना हो?" चांगली तबकडी मिळावी म्हणून झुरणारे लोक मी पाहिले होते. ओरखड्यासाठी जीव टांगणीला लागलेली ही पहिलीच.

झुलाल आबा, रत्नाबाईंचे वडील, ओट्यावर वाट पाहत बसले होते. रत्नाबाईही आदल्या दिवशीच माहेरी आल्या होत्या. आत गेलो. काचेच्या कपाटात एक काळी, कडा दुमडलेली वाटी होती, तिच्यात प्लॅस्टिकची फुले. गरम पाण्यात मऊ करून लोक तबकड्यांच्या अशा वाट्या करत. आपांनी कपाटाच्या काचेला कपाळ टेकवून आत पाहिले.

आबांनी त्यांची नजर पाहिली आणि मिशीत हसले. "ती नही वं बहीन! ती सूननी कारागिरी शे, मोठी तबकडीनी. तुमनी ती तठे शे."

ते देवघराकडे बोट दाखवत होते. देवांच्या मागे, भिंतीला टेकून, छोटी तबकडी उभी होती. मधला कागद हळदीने पिवळा झालेला, वर कुंकवाचे बोट.

"एकदाव धुयाले लई गयथू," आबा धुळ्याच्या फेरीचे सांगू लागले, "तुमना मालकले द्यावाले. तठे कापडनं दुकान व्हयी जायेल. कोनलेच ठाव नही. मंग मनी माय बोलनी, देवीनं बोलावनं शे तिनामा, फेकानी नही. तव्हयपाईन दर दिवाईले पूजा व्हस."

आपांनी तबकडी ओंजळीत घेतली. मग हसत डोळे पुसून म्हणाल्या, "ऐकलं का ताई? आयुष्यभर म्हणायचे, मला कुठे मान नाही, भोंगेवाला तो भोंगेवाला. आणि यांची तबकडी देवघरात!"

पण खोबणीत हळद बसली होती. आपांनी ओल्या मलमलीने गोल गोल, न घाई करता ती काढली. मी प्लेअरचा खटका छोट्या तबकडीच्या वेगावर, पंचेचाळीसवर, केला. सुई टेकली. भजी तळू लागली. मग त्या अनोळखी गायिकेचा नाकातला, गोड आवाज घरभर पसरला. सून स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत दारात आली.

ये वं माय मांडोमा, ये वं माय...

आपांनी माझे मनगट घट्ट धरले.

...ये वं माय...

अडली! रत्नाबाई आणि सून, दोघी नकळत सोबत गाऊ लागल्या होत्या. आपांनी माझे मनगट सोडले. त्या घाईने उठल्या नाहीत. पानावरून उठावे तशा सावकाश उठल्या. तिसरे 'ये वं माय' पुरे होऊ दिले आणि करंगळी लावून सुई पुढे ढकलली.

"हयद लागनी नवरीले," सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या.

निघताना आबांनी तबकडी आपांच्याच हातात ठेवली. "तुमनी शे, लई जा. पन फागुनमा नातनं लगीन शे. तव्हय ती लई येज्यात."

"येणार आबा. मशीनसकट येणार," आपा म्हणाल्या. "आणि आधी पंगतीला बसणार. जेवता जेवता उठल्याशिवाय हे गाणं बरोबर वाजत नाही."

बसमध्ये खिडकीशी बसून त्या तबकडी लाल खणात गुंडाळत होत्या. माझ्या मनात आले, त्या दिवशी त्यांनी माझी पेटी घेतली असती, तर हा प्लेअर कपाटातच राहिला असता, आणि हा रविवार मला कुठून मिळाला असता? मी तसे म्हटले. त्या म्हणाल्या, "पुरे झालं सिस्टरांच्या लाडके. मधला कागद वाचा, गाणारणीचं नाव काय आहे?"

मी चष्मा लावून बराच वेळ पाहिले. हळदीखाली अक्षरे पार बुजली होती.

"नाही वाचता येत हो."

"राहू द्या," आपा म्हणाल्या आणि खण दुमडून त्यांनी ती पोटाशी धरली. "हळद नका पुसू."